दाढांमधील रबरी कडी : एका आठवड्याची अडचण आणि आपले कर्तव्य

दातांना तारा बसवून घेणे ही गोष्ट एके काळी पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांपुरती होती. आता तसे राहिलेले नाही. आमच्या ओतूर गावी शाळा सुटण्याच्या वेळी उभे राहिल्यास तारा लावलेली मुले-मुली सहज दृष्टीस पडतात, आणि विवाहापूर्वी दात सरळ करून घेणारे तरुण-तरुणीही कमी नाहीत. या उपचाराचे तज्ज्ञ, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट, सर्वत्र उपलब्ध नाहीत. कोणी नारायणगाव किंवा आळेफाटा येथे तज्ज्ञांच्या ठरलेल्या दिवशी जातात, कोणी एस.टी.ने थेट पुणे गाठतात. उपचार तिकडे होतो आणि दुखणे मात्र रात्री घरी आल्यावर सुरू होते. अशा वेळी पालक जवळच्या वैद्याकडे येतात, अथवा त्याहूनही अगोदर औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर उभे राहतात. म्हणून हा विषय वरकरणी दंततज्ज्ञांचा असला तरी तो आपल्या दारी येतोच.

तारा बसविण्यापूर्वी सुमारे एक आठवडा दाढांच्या मध्ये ज्या लहानशा रबरी कड्या बसविल्या जातात, त्यांपुरताच हा लेख मर्यादित आहे. दंततज्ज्ञ त्यांस सेपरेटर म्हणतात, रुग्ण बहुधा स्पेसर म्हणतात. औषधालयचालकांनी येथे एक गंमत ध्यानात ठेवावी. काउंटरवर कोणी स्पेसर हा शब्द उच्चारला की विक्रेता दम्याच्या इनहेलरला जोडावयाची प्लास्टिकची नळी पुढे ठेवतो. त्या दोहोंचा काही संबंध नाही. तसेच लहान मुलाची दुधाची दाढ अकाली काढावी लागल्यास तिची जागा राखण्यासाठी जे धातूचे साधन बसवितात, तेही निराळे. ते अनेक महिने, प्रसंगी काही वर्षे मुखात राहते. आपली कडी मात्र आठवडाभराची पाहुणी होय.

कडीचे कार्य

तारांचा सांगाडा ज्या दाढांच्या आधाराने उभा राहतो, त्या बहुधा पहिल्या कायम दाढा होत. या दाढा साधारणतः सहाव्या वर्षी येतात. त्यांच्याभोवती धातूचा एक पातळ पट्टा चढवावयाचा असतो. त्याची जाडी एक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसते, तरीही शेजारच्या दाताशी घट्ट टेकलेल्या दाढेभोवती तो शिरत नाही. म्हणून आधी जागा करावी लागते. निळी किंवा हिरवी, वाटाण्याहून लहान अशी रबरी कडी विशेष चिमट्याने किंवा दोन दोऱ्यांनी ताणून दोन दाढांच्या सांध्यातून खाली उतरवितात आणि सोडतात. ताणलेली कडी मूळ आकारास येऊ पाहते आणि दोन्ही दातांना हळूहळू बाजूस सारते. आठवड्याच्या शेवटी सुमारे पाव मिलिमीटर फट पडलेली असते. मग कड्या काढून पट्टे बसवितात. सर्वच दंततज्ज्ञ पट्टे वापरतात असे नाही. काही जण दाढेवर थेट नळी चिकटवितात, आणि तेथे कड्यांची आवश्यकता पडत नाही.

पूर्वी हेच काम पितळेच्या बारीक तारेने करीत. दोन दातांच्या सांध्याखालून तार ओवून तिला पीळ दिला की फट पडे. त्या मानाने रबरी कडी रुग्णास फारच सुसह्य आहे.

एवढ्याशा कडीने दात कसा सरकतो, हे समजून घेतल्यास वेदनेचा अर्थ कळतो. दात हाडात खिळ्याप्रमाणे ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अतिशय पातळ थर असतो, आणि दात त्यात जणू टांगलेला असतो. कडीने दाब दिला की एका बाजूचा थर दबतो, दुसऱ्या बाजूचा ताणला जातो. दबलेल्या बाजूचे हाड पेशींकडून झिजविले जाते आणि ताणलेल्या बाजूस नवे घातले जाते. या घडामोडीत प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण होतात. दात सरकण्यास ती साह्य करतात आणि दुखण्यासही तीच कारणीभूत होतात.

कडी बसविताना केवळ दाताच्या फटीत मांसाचा धागा अडकल्यासारखे वाटते. दुखणे काही तासांनी सुरू होते, पहिल्या-दुसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत बहुतांशी शमते. चावताना ते वाढते, दाढांवर दाढा टेकल्या तरी जाणवते. ताप येत नाही, गालावर सूज येत नाही, आणि वेदना दिवसेंदिवस कमी होत जाते. हा स्वाभाविक क्रम प्रत्येक वैद्याने पाठ करावा. या क्रमाच्या विरुद्ध जे काही दिसेल ते कडीचे सामान्य दुखणे नव्हे. आम्ही हे एका प्रसंगातून शिकलो, तो पुढे सांगतो.

शास्त्राच्या दृष्टीने

वाग्भटांनी दंतरोगांत कराल या विकाराची गणना केली आहे. वेडेवाकडे, भयप्रद दिसणारे दात असे त्याचे स्वरूप आहे, आणि माधवनिदानात तो असाध्य सांगितला आहे. त्या काळी तो असाध्य होता यात नवल नाही, कारण औषधीद्रव्यांनी दाताचे स्थान बदलत नाही. आज यांत्रिक उपायांनी तो पुष्कळ अंशी साध्य झाला आहे, हे मान्य करण्यात शास्त्राचा कोणताही कमीपणा नाही असे आमचे मत आहे.

कडीमुळे होणाऱ्या वेदनेचे साम्य दंतहर्षाशी दिसते, आणि वाताचा अनुबंध उघड आहे. परंतु येथे दोषप्रकोप स्वतंत्र नसून हेतू बाह्य आहे, आणि तोही जाणूनबुजून घडवून आणलेला. म्हणून ही आगंतु वेदना मानावी. तिची संप्राप्ती मोडण्याच्या नादात मूळ उपचारच मोडू नये. वेदना पूर्णपणे नाहीशी करण्याचा हट्ट वैद्याने धरू नये आणि रुग्णासही तसे आश्वासन देऊ नये. दुखणे सुसह्य करणे, मुख स्वच्छ राखणे, आहार सांभाळणे आणि कडी जागेवर आहे याची खात्री करणे, एवढेच आपले कार्य.

पथ्यापथ्य

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मुखरोगांच्या प्रकरणी दंतरोग्यास वर्ज्य म्हणून आंबट फळे, थंड पाणी, रूक्ष अन्न, दंतधावन आणि अतिकठीण भक्ष्य यांचा निर्देश आला आहे. ही यादी या आठवड्यास इतकी चपखल लागू पडते की आम्ही ती पालकांस आवर्जून सांगतो. अपवाद एका शब्दाचा, दंतधावनाचा. त्याचा विचार पुढे करू.

अतिकठीण म्हणजे आपल्याकडे काय, हे स्पष्ट सांगावे लागते. ऊस सोलून चावणे सर्वांत वाईट. जुन्नर तालुक्यात ऊस शेताच्या बांधावर उभा असतो आणि मुलांस त्याचा मोह आवरत नाही. उसाचा रस चालेल, परंतु त्यानंतर चूळ भरली पाहिजे. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, भाजलेली कणसे, कडक पापड, चकली, बोरे आणि पेरूचा कच्चा भाग टाळावा. याहूनही घातक ते चिकट पदार्थ. चिक्की, तिळाची वडी, खजूर, टॉफी आणि च्युइंगगम हे कडीला धरून वर ओढतात आणि ती निसटते. कठीण पदार्थाने दुखते, चिकट पदार्थाने कडी जाते, हा भेद पालकांना सांगितल्यास तो त्यांच्या ध्यानात राहतो.

श्रावणात आमच्याकडे याची विशेष अडचण होते. सोमवारी कपर्दिकेश्वराच्या दर्शनास मांडवीकाठी यात्रा भरते, तांदळाच्या पिंडी पाहण्यास दूरदूरची माणसे येतात आणि घरोघरी उपवास असतो. उपवासाचे पदार्थ पाहावेत तर साबुदाण्याची खिचडी, साबुदाणावडा, राजगिऱ्याची चिक्की, खजूर, दाण्याचा लाडू. निम्मे चिकट आणि निम्मे कठीण! अशा वेळी आम्ही भगरीचा मऊ भात व दाण्याची पातळ आमटी, उकडलेले रताळे, राजगिऱ्याची लापशी, केळे आणि ताक असा उपवास सुचवितो. देवदर्शनात खंड पडत नाही आणि दाढही सांभाळली जाते.

एरवी मुगाची मऊ खिचडी, तूप घातलेला वरणभात, उपमा, शिरा, दूध किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी, आणि आमच्या भागातील आवडते कुळथाचे शेंगोळे रश्शात चांगले मऊ शिजवून द्यावेत. कोरडी बाजरीची भाकरी व ठेचा हा प्रकार चार दिवस बाजूला ठेवावा. पहिल्या दोन दिवसांत मूल जेवण टाळते. आई घाबरते आणि कडी काढून टाका म्हणते. त्या वेळी पेज आणि लापशी यांची आठवण करून देणे हे औषधाहून उपयुक्त ठरते. थंड पाण्याचा निषेध मात्र येथे आम्ही तंतोतंत धरत नाही. काही रुग्णांस साधे गार पाणी तोंडात धरल्याने बरे वाटते, काहींना त्याने शिणका येतात. ज्याला जे मानवेल ते करू द्यावे.

मुखशुद्धी

आता दंतधावनाचा विचार करू. दंतरोग्यास दंतधावन वर्ज्य म्हटले आहे ते काष्ठाचे, असे आम्ही समजतो. बाभूळ, करंज, निंब यांच्या काडीचा कुंचला दुखऱ्या दाढेवर घासल्यास इजा होते, आणि काडीचा तंतू कडीत अडकल्यास ती उचकटते. परंतु याचा अर्थ मुख अस्वच्छ ठेवावे असा नाही. कडीभोवती अन्नकण साचतात. तेथील हिरडी आधीच चेपलेली असते, आणि दोन दिवस घासले नाही तर ती सुजते व रक्त येऊ लागते. म्हणून मऊ केसांच्या ब्रशने, सकाळी व रात्री, हिरडीच्या कडेने हलक्या हाताने घासावे. ब्रशने नीट बसलेली कडी निघत नाही. दोन दातांत दोरा घालणे, टाचणी, दातकोरणे किंवा आगपेटीची काडी घालणे मात्र पूर्णतः वर्ज्य. कडी असलेल्या फटीत दोरा घातला की कडी बाहेर आलीच म्हणून समजावे.

कवल व गंडूष यांतील भेद वाचकांस विदित आहे. द्रव तोंडात फिरविता येतो तो कवल आणि तोंड भरून स्थिर धरावा लागतो तो गंडूष. या आठवड्यात कोमट सैंधवजलाचा कवल दिवसातून तीन-चार वेळा, जेवणानंतर अवश्य, ही आमची मुख्य योजना. त्रिफळाक्वाथ गाळून, कोमट करून वापरण्यास हरकत नाही. त्रिफळेच्या चुळांनी दातांवरील किटण कमी होते असे आपल्याकडील काही अभ्यासांतही दिसून आले आहे. हिरडी फार हुळहुळत असल्यास यष्टिमधूचा क्वाथ द्यावा.

स्नेहाविषयी आमचे मत थोडे निराळे आहे, ते वैद्यबंधूंनी तपासून पाहावे. दंतहर्षात कोमट स्नेहाचे कवल सांगितले आहेत, आणि एरवी आम्ही तिलतैलाचे गंडूष मोठ्या विश्वासाने देतो. परंतु नैसर्गिक रबर तेलाने फुगते व सैल होते. आजकालच्या बऱ्याच कड्या निराळ्या कृत्रिम द्रव्याच्या असतात. तरीही तोंडात पाहून कडी कशाची आहे हे आपणास ओळखता येत नाही. केवळ सात-आठ दिवसांचा प्रश्न आहे. एवढे दिवस तैलगंडूष थांबविण्यात काही हानी नाही, आणि कड्या निघाल्यावर ते पुन्हा सुरू करता येतात.

लवंगेच्या तेलाचा बोळा हा आपल्याकडील घरगुती उपाय. किडलेल्या दाढेत त्याचा गुण येतो हे खरे, परंतु येथे दाढ किडलेली नाही आणि तेल ठेवण्यास पोकळीही नाही. ते हिरडीवर ओघळून हिरडी भाजते. शिवाय लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य दातावर तारांचे ठोकळे चिकटविण्याच्या रेझिनला नीट कठीण होऊ देत नाही. कोणी ते लावून घेतलेच असेल तर पुढील भेटीत दंततज्ज्ञास तसे सांगावे. दंतमंजनांच्या बाबतीत भरड चूर्णाने बोट घासण्याचा प्रकार या काळात बंद ठेवावा. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांना तर ही सवय कायमची सोडण्याची संधी म्हणून सांगावे. त्या ऐकतातच असे नाही.

काउंटरवरील प्रश्न

औषधालयचालकांकडे पहिली मागणी वेदनाशामकाची येते. दंततज्ज्ञांनी लिहून दिलेले औषध द्यावे. बहुधा ते पॅरासिटामॉल असते, आणि मुलाच्या वजनानुसार त्याची मात्रा पाहूनच द्यावी. सोळा वर्षांखालील मुलांस ॲस्पिरिन देऊ नये. आयबुप्रोफेनच्या जातीची औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, म्हणजे दात सरकविणाऱ्या कारणावरच घाला घालतात. एक-दोन मात्रांनी उपचार बिघडत नाही, परंतु पालकांनी स्वतः होऊन आठवडाभर त्या गोळ्या चालू ठेवू नयेत. आपल्याकडील गुग्गुळकल्पांबाबतही आम्ही हेच धोरण ठेवतो. चार दिवसांच्या स्वाभाविक वेदनेसाठी ती देण्याचे प्रयोजन आम्हांस दिसत नाही.

दुसरी मागणी येते ती ऐकून आमच्या अंगावर काटा येतो. समोरच्या दोन दातांतील फट मिटविण्यासाठी रबर हवे, असे तरुण मुले सांगतात. मोबाईलवर कोठेतरी पाहिलेले असते. मिळाले नाही तर पुड्या बांधण्याचे रबर वापरतात. समोरच्या दातांची मुळे टोकाकडे निमुळती असतात. दोन दातांभोवती घातलेले रबर हळूहळू हिरडीखाली सरकत मुळाच्या टोकाकडे जाते, वाटेतील हाड नष्ट करते आणि चांगले दात सैल होऊन पडतात. बाहेरून काही दिसत नाही. दंतवैद्यकाच्या वाङ्मयात अशा प्रकारे दात गमावल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. असा ग्राहक आल्यास त्यास रबर न देता समज द्यावी.

आमची चूक

सुमारे बारा वर्षांची एक मुलगी खालच्या डाव्या दाढेजवळ हिरडी सुजल्याची तक्रार घेऊन आमच्याकडे आली. तारा बसवून महिना झाला होता. दोन दातांच्या मधली हिरडी फुगलेली, लालसर-निळसर, स्पर्शास मऊ, आणि हात लागताच रक्त येई. सुश्रुतांनी दोन किंवा तीन दातांच्या मुळाशी होणारा वेदनायुक्त मोठा शोथ म्हणजे दंतपुप्पुट असे सांगितले आहे, आणि तो कफरक्तज मानला आहे. आम्हांस लक्षणे जुळली असे वाटले. प्रतिसारण दिले, क्वाथाचे कवल दिले, पोटात औषध दिले. चार दिवसांनी सूज उतरली. आठव्या दिवशी पुन्हा आली. आम्ही क्वाथ बदलला. पुन्हा उतरली आणि पुन्हा आली. असे तीन आठवडे गेले.

अखेरीस आम्ही तिला दंततज्ज्ञाकडे परत पाठविले. तिकडे जागा बधिर करून हिरडीखाली शोध घेतला, तेव्हा एक निळी कडी बाहेर आली. पट्टे बसविण्याच्या दिवशी एक कडी कमी भरली होती. मुलीने ती जेवताना पडली असेल असे सांगितले होते, आणि सर्वांनी ते मान्य केले होते. प्रत्यक्षात ती फटीतून खाली घसरून हिरडीखाली गेली होती. दोन महिन्यांत तेथील थोडे हाड झिजले. मुलगी वयाने लहान असल्याने आणि कडी सापडल्याने दाढ वाचली. आणखी काही महिने आम्ही क्वाथच बदलत राहिलो असतो, तर काय झाले असते ते सांगता येत नाही.

दोष कोणाचा, ही चर्चा आम्ही येथे करणार नाही. कडी हरवली ती आमच्याकडे नव्हे. परंतु मुलगी आमच्यासमोर बसली असताना, तारा बसविण्यापूर्वी कड्या घातल्या होत्या का, किती घातल्या आणि किती निघाल्या, हे तीन प्रश्न आम्ही विचारले नाहीत. तो दोष आमचाच.

याचे शल्य अधिक वाटते, कारण उत्तर आपल्याच ग्रंथात होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात प्रनष्ट शल्याचा, म्हणजे शरीरात दडून बसलेल्या व डोळ्यांस न दिसणाऱ्या शल्याचा स्वतंत्र अध्याय आहे. सशल्य व्रणाची ओळख तेथे सांगितली आहे. वर्ण काळसर, शोथ व वेदना, वारंवार रक्तस्राव, बुडबुड्याप्रमाणे वर आलेले मृदू मांस. त्या मुलीच्या हिरडीचे वर्णन याहून नेमके कसे करावे? विद्यार्थिदशेत आम्ही हा अध्याय बाण आणि काटे यांच्या संदर्भात वाचला. तो निळ्या रबरी कडीस लागू पडेल हे आमच्या मनात आले नाही. व्याधीचे नाव ठरविण्याची घाई झाली आणि शल्याचा विचार राहून गेला.

कड्यांची गणती

म्हणून आमचा सर्वाधिक भर गणतीवर आहे. एका दाढेस पुढून व मागून अशा दोन कड्या लागतात. चारही पहिल्या दाढांना पट्टे घालावयाचे असल्यास आठ कड्या होतात. परंतु मागची दुसरी दाढ साधारण बाराव्या वर्षी येते. ती आलेली नसेल तर मागच्या कडीची गरजच नसते आणि संख्या चारवर येते. काही रुग्णांत केवळ वरच्या दाढांचे काम असते. तेव्हा अमुकच कड्या असतात असे गृहीत धरता येत नाही. बसविल्या त्याच दिवशी दंततज्ज्ञाकडून संख्या विचारून कागदावर लिहून घ्यावी, आणि पालकांनी रोज रात्री घासून झाल्यावर विजेरीच्या उजेडात मोजावी. कड्यांचा रंग भडक ठेवलेला असतो तो त्या दिसाव्यात म्हणूनच.

कडी तोंडात किंवा ताटात सापडली तर ती जपून ठेवावी आणि दंततज्ज्ञास दूरध्वनीने कळवावे. पहिल्या दोन-तीन दिवसांत पडली असेल तर बहुधा नवी बसवावी लागते. शेवटच्या दिवसांत पडली तर पुष्कळदा फट पुरेशी झाली म्हणूनच पडलेली असते, पण तो निर्णय तज्ज्ञाने करावा. पडलेली कडी घरी पुन्हा बसविण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, वैद्यानेही नाही. कडी गिळली गेली तर भिण्याचे कारण नाही, ती मलावाटे निघून जाते. मात्र कडी हरवल्यानंतर एकाएकी ठसका, खोकला किंवा श्वासास अडथळा सुरू झाल्यास ती श्वासमार्गात गेल्याची शंका घेऊन तत्काळ रुग्णालयात पाठवावे. आणि कडी पडली असेल असे केवळ अनुमान असेल, प्रत्यक्ष कोणी पाहिली नसेल, तर ती हिरडीखालीच आहे असे समजून दंततज्ज्ञास तपासण्याचा आग्रह धरावा. काही कड्या क्ष-किरण चित्रात दिसतात, काही दिसत नाहीत. त्यामुळे चित्र स्वच्छ आले एवढ्याने शंका फिटत नाही.

रुग्णास विलंब न लावता परत पाठवावयाची इतर लक्षणेही थोडक्यात सांगतो. तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी वेदना, ताप, गालावर किंवा जबड्याखाली सूज, पू, तोंड उघडण्यास त्रास, तसेच ओठ व तोंडास खाज सुटून सूज येणे. शेवटचे लक्षण रबराच्या ॲलर्जीचे असू शकते. फुगा फुगविताना किंवा रबरी हातमोज्यांनी पूर्वी असा त्रास झाला होता का, हे विचारावे.

आणखी एका ठिकाणी घरचा वैद्य विशेष उपयोगी पडतो. कड्या व पट्टे बसविताना हिरडीतून जंतू अल्पकाळ रक्तात शिरतात. निरोगी माणसास त्याने काही होत नाही. परंतु हृदयाची कृत्रिम झडप बसविलेली असेल, पूर्वी हृदयाच्या आतील अस्तरास जंतुसंसर्ग झाला असेल, किंवा जन्मतः हृदयदोषाचे काही विशिष्ट प्रकार असतील, तर आधी प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते. शहरातील दंततज्ज्ञास त्या घराचा इतिहास ठाऊक नसतो, पालकांस तो सांगण्याचे सुचत नाही, आणि आपण मात्र ते कुटुंब दोन पिढ्या पाहत असतो. तारा लावण्याचा विचार कानावर येताच अशा रुग्णाच्या हाती दोन ओळींची चिठ्ठी द्यावी.

त्या प्रसंगानंतर आमच्या रुग्णपत्रिकेत एक ओळ वाढली आहे. दंत व दंतमूलाच्या तक्रारीत, तारा असल्यास, कड्या बसविल्या किती, निघाल्या किती, असे दोन रकाने आम्ही आखून घेतले आहेत. शेजारच्या औषधालयचालकांनीही आमच्या सूचनेवरून काउंटरवर एक लहानसा कागद लावला आहे. त्यावर मऊ आहार, सैंधवजल, दातकोरणे वर्ज्य आणि रोज रात्री कड्या मोजा, एवढेच लिहिले आहे. ती मुलगी अद्याप अधूनमधून येते, तारा निघाल्या आहेत. परवा ती आपल्या धाकट्या भावास घेऊन आली होती. त्याच्या कड्या आदल्या दिवशी बसविल्या होत्या. आम्ही विचारण्यापूर्वीच तिने सांगितले, सहा आहेत.